एकच अंधेरी, दोन नियमपुस्तके

गेल्या जूनपासून डिसेंबरपर्यंत, दर दुसऱ्या रविवारी दुपारी, छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतील आमच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती बसून सहा माणसांनी एकाच किल्ल्यात दोनदा प्रवेश केला. पहिल्या सहा बैठकांत हाताशी होती ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची २०१४ साली आलेली पाचवी आवृत्ती. पुढच्या सात बैठकांत होते ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’, म्हणजे त्याच खेळाच्या १९८१ सालच्या नियमांची गॅव्हिन नॉर्मन यांनी २०१९ साली केलेली नवी मांडणी. नकाशा तोच, राक्षस बहुतेक तेच आणि खेळाडूही तेच. बदलले ते नियम. जुने चांगले की नवे, हा वाद या खेळाच्या चाहत्यांत कधी संपत नाही, आणि त्यात बहुतेक जण आपण ज्या वयात खेळ शिकलो त्या वयाची बाजू घेतात. आम्ही सगळेच उशिरा शिकलो, त्यामुळे तो मोह आम्हाला फारसा नव्हता.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर, टेबलटॉप रोलप्लेइंग हा बोलून खेळायचा खेळ आहे. एकाने जग सांभाळायचे, बाकीच्यांनी एकेक पात्र. समोर काय दिसते ते पहिल्याने सांगायचे, आपण काय करतो ते इतरांनी सांगायचे, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकायचे. जग सांभाळणाऱ्याला इंग्रजीत डंजन मास्टर म्हणतात. आमच्या शेजारच्या काकांनी पहिल्याच दिवशी त्याचा ‘सूत्रधार’ केला आणि तोच शब्द राहिला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहान गावातून १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या नावाने बाहेर पडला: एका खोक्यात तीन बारीक पुस्तिका, आणि पहिली छपाई एक हजार प्रतींची. त्याची मुळे बाहुल्यांच्या सैन्याने खेळायच्या युद्धखेळात आहेत. जुन्या नियमांत वेळ, अंतर, ओझे आणि सैनिकांचे अवसान यांचा जो काटेकोर हिशेब दिसतो, तो तिथून आलेला आहे.

किल्ला निवडण्यासाठी मला लांब जावे लागले नाही. दौलताबाद, म्हणजे आपला देवगिरी, घरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे, आणि अशा खेळासाठी त्याच्याइतका तयार नकाशा मला तरी दुसरा ठाऊक नाही. डोंगराचे कडे तासून उभे केलेले, भोवती खंदक, आत जायला एकच वाट, आणि त्या वाटेवर खडकात कोरलेली ती वळणावळणाची ‘अंधेरी’. शत्रू आत शिरला की अंधारात त्याची दिशा चुकावी, त्याने आपल्याच माणसांवर वार करावेत, उजेड पाहून धावला तर खंदकात पडावा, आणि वरच्या तोंडाशी पेटवलेल्या शेगडीच्या धुराने गुदमरावा, अशी तिची रचना असल्याचे वाटाडे सांगतात. शाळेच्या सहलीत त्या भुयारात वाटाड्याच्या हातातला टेंभा विझला होता आणि चाळीस मुले एकदम गप्प झाली होती, ते मला अजून आठवते. मी कागदावर जो किल्ला काढला त्यात बालेकिल्ल्याखाली तीन मजले जास्तीचे घातले, भुयाराला दोन फाटे फोडले आणि वटवाघळांच्या जोडीला गॉब्लिन हे बुटके राक्षस बसवले. बाकी सगळे देवगिरीचेच.

टेबलाभोवती होते परभणीहून इंजिनिअरिंगसाठी आलेला माझा भाचा, बँकेतून निवृत्त झालेले शेजारचे काका, गणित शिकवणाऱ्या एक बाई, त्यांची अकरावीतली मुलगी आणि गंगापूरला बी-बियाण्यांचे दुकान असलेले आमचे एक दादा. सूत्रधार मी.

पाचव्या आवृत्तीपासून सुरुवात केली, कारण ती सर्वत्र खेळली जाते आणि तिचे मूळ नियम फुकट उतरवून घेता येतात. तिची पहिली मोठी गुणवत्ता अशी की सगळा खेळ एका हालचालीवर उभा आहे. वीस बाजूंचा फासा टाका, त्यात आपल्या गुणाची आणि प्रावीण्याची बेरीज करा, सूत्रधाराने ठरवलेला आकडा गाठला की काम झाले. कुलूप उघडणे, भिंत चढणे, तलवार चालवणे, विष पचवणे, सगळे याच मापाने. गणिताच्या बाईंना हे विशेष आवडले आणि पहिल्या अर्ध्या तासानंतर नियम समजावून सांगावा लागला नाही.

दुसरी गुणवत्ता म्हणजे ‘ॲडव्हांटेज’चा नियम, ज्याला आम्ही ‘दोन टाका, मोठा धरा’ असे म्हणू लागलो. परिस्थिती तुमच्या बाजूची असेल तर वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, विरुद्ध असेल तर लहान. आधीच्या आवृत्त्यांत उंचावर उभे असल्याचे इतके, मागून वार केल्याचे इतके, अशा बेरजा-वजाबाक्यांची जी रांग लागत असे, ती सगळी या एका वाक्यात मावली. अकरा किंवा त्याहून अधिक पडण्याची शक्यता एका फाशाने ५० टक्के असते, ती या नियमाने ७५ टक्के होते. म्हणजे लाभ खरा आहे, पण वीसच्या वर कोणीच जात नाही. गेल्या चाळीस वर्षांत या खेळाच्या नियमांत झालेली ही सर्वांत देखणी सुधारणा आहे, असे माझे मत आहे. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात शंकर-पार्वती फासे खेळताना कोरले आहेत, आणि त्यात शंकर आणखी एक डाव मागतो आहे असा अर्थ लावला जातो, काकांनी हा नियम ऐकल्याबरोबर त्याच शिल्पाची आठवण काढली आणि म्हणाले, “म्हणजे महादेवाचं ऐकलं म्हणायचं शेवटी.”

अडचण अंधेरीत आली. किंबहुना आली नाही, हीच अडचण. खेळाडूंनी आपापल्या आवडीने पात्रे निवडली होती आणि पाचांपैकी चौघांना अंधारात दिसत होते. २०१४ च्या पुस्तकात निवडीसाठी जे नऊ वंश, म्हणजे माणूस आणि त्याच्यासारख्या काल्पनिक जाती, दिले आहेत त्यांतल्या सहांना ही दृष्टी जन्मतःच मिळते, तेव्हा हा योगायोग म्हणता येणार नाही. उरलेल्या एका माणसासाठी बाईंच्या जादूगाराने ढालीवर उजेडाचा मंत्र टाकला. हा मंत्र एक तास टिकतो आणि कितीही वेळा टाकता येतो. आठशे वर्षे सैन्यांना धाक घालणारे ते भुयार आमच्या मंडळींनी, मी घड्याळ लावले होते, अकरा मिनिटांत पार केले, आणि त्यातली चार मिनिटे भाचा चहाला साखर शोधत होता. नियमाशी प्रामाणिक राहून हेही सांगितले पाहिजे की अंधारात दिसणाऱ्या पात्रालाही ते अंधुकच दिसते आणि बारकावे हेरताना त्याला दोन फाशांतला लहान धरावा लागतो. मी ते दोन बैठकांनंतर वाचले. पण ज्या नियमाने खेळाचा रंग पालटतो तो सूत्रधाराच्या नजरेतून सुटावा इतका आडबाजूला ठेवला असेल, तर त्यात माझ्या आळशीपणाबरोबर पुस्तकाच्या मांडणीचाही वाटा आहे. लपण्याचा नियम असाच आहे: थोडा गुणांच्या प्रकरणात, थोडा लढाईच्या प्रकरणात, आणि गरज नेमकी भर लढाईत लागते.

लढाई मात्र या आवृत्तीत रंगते. प्रत्येकाच्या हाताशी काही तरी करून दाखवण्यासारखे असते, पहिल्या पातळीचा जादूगारसुद्धा दर फेरीला आगीचा बाण सोडू शकतो, आणि कोणी पडले तरी लगेच मरत नाही. त्याने दर फेरीला फासा टाकायचा, दहा किंवा अधिक पडले तर एक यश, कमी पडले तर एक अपयश, आणि तीन यशांवर तो सावरतो, तीन अपयशांवर जातो. अकरावीतल्या मुलीचे पात्र असे दोन अपयशांवर लटकले होते तेव्हा टेबलावर कोणी श्वास घेत नव्हते. पण चार गॉब्लिन आणि एका लांडग्याशी झालेल्या त्या झटापटीला एक तास वीस मिनिटे लागली. आमची बैठक तीन तासांची. शिवाय पुस्तकाचा समतोल दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया होतील असे गृहीत धरून बांधलेला आहे; आमच्या वेगाने खेळातला एक दिवस संपायला खरे दोन महिने लागले असते. मग आम्ही बैठकीला एक-दोनच लढाया करायचो, प्रत्येक लढाईपूर्वी सगळ्यांची शक्ती भरलेली असायची, आणि जादूगारापुढे तलवारवाला केविलवाणा दिसायचा. २०२४ साली आलेल्या सुधारित पुस्तकात शस्त्रांना वेगवेगळी कौशल्ये देऊन तलवारवाल्याकडे थोडे लक्ष दिले आहे. ते आम्ही चाळले आहे, खेळलेलो नाही.

सहाव्या बैठकीत भाच्याने जे वाक्य उच्चारले त्यावरून मला पुस्तक बदलावेसे वाटले. समोर खंदकावरचा पूल होता, पलीकडे पहारेकरी, आणि मी विचारले की आता काय करणार. त्याने आपल्या पात्राचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मग म्हणाला, “मामा, ह्यातलं काहीच इथं चालत नाही की.” करता येण्याजोगे सगळे त्या कागदावरच लिहिलेले असणार, असे त्याने धरून चालले होते. हे पुस्तकात कुठेही म्हटलेले नाही. पण कागदावर इतक्या सोयी छापल्या की माणूस कागदाकडे पाहणारच.

‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’चा एकत्रित ग्रंथ तीनशेच्या आसपास पानांचा आहे आणि त्याच्याविषयी सर्वांत आधी सांगण्याजोगी गोष्ट नियमांची नाही, छपाईच्या मांडणीची आहे. एक विषय समोरासमोरच्या दोन पानांत संपतो. पान उलटावे लागत नाही, परिच्छेद लांबत नाहीत, शोधायचा शब्द ठळक असतो. १९८१ सालचे मूळ नियम टॉम मोल्डवे यांनी लिहिलेल्या प्राथमिक संचात आणि डेव्हिड कुक व स्टीव्ह मार्श यांच्या पुढच्या संचात विभागलेले होते. नॉर्मन यांनी ते एकत्र केले, संदिग्धता काढली आणि स्वतःची हौस जवळजवळ कुठेच भागवली नाही. संपादन हीसुद्धा रचनाच असते, याचा इतका चांगला पुरावा या क्षेत्रात मी पाहिलेला नाही. जुना खेळ किचकट आहे अशी जी ख्याती आहे, तिचा बराचसा दोष जुन्या पुस्तकांच्या मांडणीकडे जातो.

पात्रे पंधरा मिनिटांत तयार झाली. सहा बाजूंचे तीन फासे, सहा वेळा, आणि पडतील तसे त्याच क्रमाने लिहायचे. अठरा पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक, तेव्हा महानायक कोणी झाले नाही. काकांच्या वाट्याला आला मांत्रिक: दिवसाला एक मंत्र, अंगात तीन प्राणांक. शून्यावर मृत्यू, मधली पायरी नाही. पहिल्या बैठकीच्या चाळिसाव्या मिनिटाला ते अंधेरीतल्या एका खड्ड्यात पडले, सहा बाजूंच्या फाशावर पाच आले, आणि मला सांगावे लागले की काका, तुमचा मांत्रिक गेला. “असा कसा गेला? आत्ताच तर आलाय,” असे म्हणून त्यांनी चष्मा काढला. दहा मिनिटांत नवे पात्र तयार झाले, पण त्याने खरेदीच्या यादीतून पहिली वस्तू घेतली ती दहा फुटी काठी. त्यानंतरच्या सहा बैठका त्या बांबूने जमीन ठोकल्याशिवाय आमच्यातला कोणी पाऊल टाकले नाही. बांबूचा उल्लेख त्यांच्या कागदावर सामानाच्या ओळीत होता, कौशल्यांत कुठेच नव्हता, आणि सगळ्या मोहिमेत सर्वांत जास्त उपयोगी पडलेली वस्तू तीच ठरली.

आणि अंधेरी. या पुस्तकात खेळातला वेळ दहा मिनिटांच्या ‘टर्न’मध्ये मोजतात. मशाल सहा टर्न चालते, कंदील चोवीस. दर दोन टर्नना सूत्रधार सहा बाजूंचा फासा टाकतो आणि एक पडला तर भटके काही तरी समोर येते. प्रत्येक तासाला एक टर्न विसावा घ्यावा लागतो. हे वाचताना मला मुनीमगिरी वाटली होती. खेळताना ध्यानात आले की भीती याच हिशेबातून तयार होते. ‘भिंत नीट तपासू या का?’ या साध्या प्रश्नाला एकदम किंमत आली, कारण तपासायला एक टर्न, म्हणजे मशालीचा सहावा भाग. भुयाराच्या दुसऱ्या फाट्यावर दादांनी “मी जायलो पुढं, तुम्ही या मागून” म्हणून पाऊल टाकले आणि बाईंनी त्यांना थांबवून विचारले की परत यायला किती मशाली लागतील ते धरले आहे का. नव्हते धरले. जे भुयार पाचव्या आवृत्तीत अकरा मिनिटांत संपले होते ते इथे दोन अख्ख्या बैठका चालले. जुन्या नियमांतही बुटक्या वंशाला, म्हणजे ड्वार्फला, अंधारात उष्णता दिसते आणि आमच्यात एक ड्वार्फ होता. पण बाकी चौघे माणसे असल्यामुळे मशाल सोडता आली नाही.

दुसरा नियम ‘रिॲक्शन’चा. अनोळखी प्राणी भेटला आणि त्याचा हेतू आधीच ठरलेला नसेल तर सूत्रधार दोन फासे टाकून त्याचा कल पाहतो. दोन पडले तरच तो थेट हल्ला करतो, म्हणजे ३६ मध्ये एकदा; सहा ते आठ, म्हणजे सर्वांत जास्त वेळा, तो गोंधळलेला असतो आणि पुढचे तुमच्या वागण्यावर अवलंबून. पुलावरच्या ज्या तीन गॉब्लिनांशी पहिल्या फेरीत आम्ही मुकाट्याने लढलो होतो, त्यांच्यासाठी या वेळी नऊ पडले. त्यांना कशाचेच सोयरसुतक नव्हते. बाईंच्या मुलीने त्यांना शिधा देऊ केला आणि बदल्यात वरच्या मजल्यावर कोण राहते ते विचारून घेतले. सूत्रधार म्हणून मलाही ते ठाऊक नव्हते. मी तिथल्या तिथे ठरवले. तिसरा नियम ‘मोराल’चा, ज्याला आमच्याकडे ‘अवसान’ म्हणतात. शत्रूंपैकी पहिला पडला की आणि अर्धे पडले की दोन फासे टाकायचे. त्यांच्या आकड्यापेक्षा जास्त पडले की त्यांचे अवसान गळते आणि ते पळतात किंवा शरण येतात. आमच्या बहुतेक लढाया दहा-बारा मिनिटांत संपल्या त्या यामुळे. पाचव्या आवृत्तीतही सूत्रधाराच्या पुस्तकात अवसानाचा नियम आहे, पण ऐच्छिक म्हणून, मागच्या बाजूला. ऐच्छिक नियम हे लग्नपत्रिकेतल्या ‘आपले आशीर्वाद हाच आहेर’ या ओळीसारखे असतात, वाचतात सगळे आणि पाळत कोणी नाही.

चौथा नियम मला सर्वांत कल्पक वाटतो, आणि तो वाचताना सर्वांत निरर्थक वाटला होता. अनुभवाचे गुण मुख्यतः लुटीवर मिळतात: सोन्याचे एक नाणे बाहेर आणले की एक गुण. गॉब्लिन मारला तर अवघे पाच. योद्ध्याला दुसऱ्या पातळीवर जायला २,००० गुण लागतात, तेव्हा नुसते मारत बसले तर आयुष्य सरेल. पाचव्या आवृत्तीत त्याच गॉब्लिनाचे ५० मिळतात आणि दुसऱ्या पातळीला ३०० पुरतात. या एका आकड्याच्या फरकाने खेळाडूंची वृत्ती पालटली. पहिल्या फेरीत दार फोडून आत घुसणारे आमचे दादा दुसऱ्या फेरीत दाराला कान लावून बसू लागले, कारण लढाईत जीव जातो आणि मिळत काही नाही. शिवाय लूट वाहून न्यावी लागते. दहा नाण्यांचे वजन एक पौंड, १,६०० नाण्यांपलीकडे माणूस हलूच शकत नाही, आणि त्याच्या निम्म्यावर गेले की तो रांगल्यासारखा चालतो. दुसऱ्या मजल्यावर मी दहा हजार तांब्याच्या नाण्यांची रास ठेवली होती. शंभर तांब्याचे एक सोन्याचे. काकांनी क्षणभरही न थांबता सांगितले, “शंभर मोहरांसाठी सात माणसांचं ओझं. ही चिल्लर इथंच राहू द्या.” महंमद तुघलकाने ज्या शहरात राजधानी आणली त्याच्या तळघरात तांब्याच्या नाण्यांना कोणी विचारत नाही, हे मला ऐतिहासिकदृष्ट्याही बरोबर वाटले.

आता दोष, आणि ते लहान नाहीत. एकाच पुस्तकात कुलूप शंभराच्या फाशावर कमी पडले तर उघडते, गुप्त दार सहाच्या फाशावर एक पडला तर सापडते, आणि वार वीसच्या फाशावर जास्त पडले तर लागतो. कोणता फासा, आणि चढा हवा की उतरता, हे सहाव्या बैठकीतही विचारावे लागत होते. या विसंगतीला काही खोल अर्थ आहे असे जुन्या नियमांचे भक्त सांगतात. मला तो दिसला नाही, त्या काळी प्रत्येक नियम वेगळ्या दिवशी सुचला एवढेच दिसले. चिलखताचा आकडा जितका लहान तितके ते चांगले, ही ‘थॅको’ नावाच्या रीतीची उलटी वजाबाकी तर नव्या माणसाला शिक्षाच आहे, पण इथे शेजारी कंसात सरळ बेरजेचा आकडाही दिला आहे आणि आम्ही तोच वापरला. संकटातून बचावण्यासाठी टाकायच्या फाशाचे पाच रकाने, मृत्यू आणि विष एका ठिकाणी, जादूच्या कांड्या दुसऱ्या, ड्रॅगनचा श्वास वेगळा, हे वाचायला काव्यमय आणि चालवायला कटकटीचे.

पण खरा अन्याय चोराच्या पात्रावर झालेला आहे. पहिल्या पातळीचा चोर कडा ८७ टक्के वेळा चढतो हे ठीक; कुलूप मात्र १५ टक्के वेळा उघडतो, सापळा १० टक्के वेळा ओळखतो आणि अंधारात १० टक्के वेळाच लपतो. ज्याचा धंदाच कुलुपे उघडण्याचा तो सातांतून सहा वेळा हात हलवत परत येतो, आणि फसलेल्या कुलुपाला पुढची पातळी गाठेपर्यंत पुन्हा हात लावता येत नाही. भाच्याने चोर घेतला होता. तीन बैठकांनंतर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिच्यासाठी मला पाचव्या आवृत्तीची आठवण झाली, कारण तिथे असा चोर कुणालाच मिळत नाही.

नवे म्हणजे पाचवी आवृत्ती एवढेच, असा समज होऊ नये. २०१० साली व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ने दोन फाशांवर दहा किंवा अधिक पूर्ण यश, सात ते नऊ ‘झाले पण किंमत मोजून’, आणि त्याखाली सूत्रधाराची पाळी, अशी तीन पायऱ्यांची रीत आणली. ती मला फार पटते, कारण आपल्याकडची बहुतेक कामे सात ते नऊच्या मधेच होतात. जॉन हार्पर यांच्या २०१७ च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये येणाऱ्या संकटासाठी वर्तुळ काढून त्याचे तुकडे भरत जातात; जुन्या मशालीचाच तो धाकटा भाऊ म्हणता येईल. आणि केल्सी डायोनी यांच्या २०२३ च्या ‘शॅडोडार्क’ने जुन्या-नव्याची गाठ मारली आहे: फासा पाचव्या आवृत्तीचा, अंधार जुन्याचा, खेळाडूंपैकी कोणालाच अंधारात दिसत नाही, आणि मशाल खऱ्या घड्याळाने एक तास चालते. आम्ही एकच बैठक ते करून पाहिले. मोबाइलवर तासाचा गजर लावला, पस्तिसाव्या मिनिटाला सगळ्या गल्लीची वीज गेली, आणि टेबलावर मेणबत्ती येईपर्यंत मशालीचा वेळ धरायचा की सोडायचा यावर जो वाद झाला तो त्या दिवसातला सर्वांत रंगलेला प्रसंग होता. बाईंचा निकाल असा की पात्रांच्या गावात महावितरण नाही, तेव्हा वेळ धरायचा.

विकत घेण्याविषयी. दोन्ही खेळांचे मूलभूत नियम अधिकृतपणे फुकट मिळतात आणि एक किल्ला खेळून पाहायला तेवढे पुरतात. छापील ग्रंथ आवडल्यावरच मागवावा, कारण डॉलरमधली किंमत आणि वाहतूक मिळून आकडा बऱ्यापैकी फुगतो. पुस्तके इंग्रजीत आहेत, पण टेबलाला इंग्रजीची गरज नाही. जुन्या नियमांतले शब्द मराठीत सहज उतरतात, अवसान, कल, ओझे, विसावा, हे आपल्या बोलण्यातलेच आहेत. पाचव्या आवृत्तीतल्या ‘बोनस ॲक्शन’ला मात्र सहा बैठकांत प्रतिशब्द सापडला नाही आणि शेवटी तो ‘जादाचा हात’ झाला. फाशांसाठी थोडे सांभाळून राहावे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या संचात वीस बाजूंच्या फाशाऐवजी बारा बाजूंचे दोन निघाले आणि बदलून मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. तोवर आम्ही भिशीच्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून काम चालवले. १९७९ साली फाशांचा तुटवडा पडला तेव्हा मूळ कंपनीनेही खोक्यात फाशांऐवजी आकड्यांचे कागदी तुकडे घालून दिले होते, असे नंतर वाचले, आणि काकांना उगाच परंपरा पाळल्याचे समाधान मिळाले.

आमच्या टेबलावर सध्या ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ आहे, आणि त्यात पाचव्या आवृत्तीचा ‘दोन टाका, मोठा धरा’ घातलेला आहे. चोराच्या कुलुपाचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. भाचा म्हणतो पहिल्या पातळीलाच ५० टक्के द्या. बाई म्हणतात उघडेल हे नक्की धरा, फासा टाकून फक्त किती टर्न लागले ते ठरवा, म्हणजे किंमत मशालीतून वसूल होईल. मला बाईंचे पटते आहे. येत्या रविवारी तिसऱ्या मजल्याच्या लोखंडी दारापाशी ते करून पाहणार आहोत, आणि मंडळींकडे मशाली दोनच उरल्या आहेत.